वाळूचा कातळ, दोर आणि पाणी : वादी रमला निघालेल्या वाचकांचे प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीत जॉर्डनमधल्या वादी रमच्या वाळवंटात चढाईला जायचं, असा बेत ठाणे आणि नवी मुंबईतल्या बऱ्याच गटांनी आखलेला दिसतो. या वेळची बहुतेक पत्रं त्याविषयीच आहेत, म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही पाच मित्र मुंब्र्याच्या कातळावर आणि बेलापूरच्या दगडांवर नेहमी चढतो. नागफणी, तैलबैला झालं आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वादी रमला जायचं म्हणतोय. सह्याद्रीत चढणाऱ्याला तिथे नवीन काय शिकावं लागेल? — पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : वेळ चांगली निवडलीत. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत आणि सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत तिथे चढता येतं. नोव्हेंबरात दिवसा ऊन सोसवतं, रात्री जाकीट लागतंच.

शिकायचं आहे ते दगडाबद्दल. आपला बेसॉल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यातला होल्ड (हातापायाला धरायचा उंचवटा किंवा खाच) निखळून हातात येतो तो बहुधा आधीच सुटलेला असतो, भेगेत माती आणि गवत शिरल्यामुळे. कातळ एकसंध असेल तिथे त्यावर डोळे मिटून भार टाकतो आपण. वादी रमचा वालुकाश्म सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या वाळूचा आहे. वाळूचे कण क्षार, चुना आणि चिकणमातीने एकमेकांना धरून आहेत, आणि ही पकड जागोजागी कमीजास्त आहे. शिवाय दगडातला ओलावा बाहेर येऊन सुकतो तेव्हा सोबतचे क्षार पृष्ठभागावर जमतात आणि वर टणक साल धरते. साल शाबूत आहे तोवर होल्ड उत्तम. ती फुटली की आत साखरेसारखा भुगा.

म्हणून होल्ड तपासायची सवय बदला. सह्याद्रीत आपण होल्ड हलवून बघतो. तिथे आधी तळहाताने थापटा. आवाज पोकळ आला तर तो सोडा. दुसरा नसेलच तर खालच्या दिशेने दाबून वापरा, बाहेर ओढू नका. तव्याएवढी पातळ कपची निघाली तर ती बिले देणाऱ्याच्या (खालून दोर सांभाळणाऱ्याच्या) अंगावर जाते, म्हणून त्याने लीडरच्या (सर्वात पुढे चढणाऱ्याच्या) सरळ रेषेत उभं राहायचं नाही. हेल्मेट दोघांनाही हवं.

दुसरी गोष्ट कॅमची, म्हणजे भेगेत घातल्यावर पाकळ्या फाकून अडकणाऱ्या साधनाची. पडल्यावर कॅमवर जेवढा भार येतो, त्याच्या जवळपास दुप्पट जोर तो भेगेच्या प्रत्येक भिंतीवर बाहेरच्या बाजूने देतो. बेसॉल्ट हा जोर पचवतो. वालुकाश्मात भेगेचा काठ चुरडतो आणि त्याच चुऱ्यावरून कॅम घसरून बाहेर येतो. कॅम काठावर न लावता खोल लावा, पाकळ्या अर्ध्याहून जास्त मिटलेल्या असू द्या, आणि दोन मापांत शंका आली तर मोठं माप घ्या, कारण मोठ्या पाकळीचा भार जास्त जागेवर पसरतो. पातळ पापुद्र्यामागे कॅम अजिबात नको. तोच पापुद्रा उचकटून काढेल. भेग जिथे आवळत जाते तिथे नट (भेगेत अडकवायचा धातूचा ठोकळा) बसत असेल तर कॅमपेक्षा नट बरा. अँकरला (माणसं आणि दोर जिथे बांधायचे तिथे) किमान तीन जागा घ्या आणि तिन्ही एकाच भेगेत असू नयेत.

तिसरी गोष्ट उभ्या भेगांची. आपल्याकडे चढाई जास्त करून होल्डवर होते. तिथे शेकडो मीटर सलग भेगा आणि चिमण्या (माणूस आत शिरेल एवढ्या रुंद भेगा) आहेत. हात सपाट करून भेगेत घालायचा, अंगठा तळव्याकडे आत दुमडायचा, म्हणजे अंगठ्याखालचा स्नायू फुगून हात भेगेत अडकतो. मग मनगट खाली वळवून त्यावर लटकायचं. पहिले दोन दिवस कातडी सोलवटते, त्यामुळे हाताच्या पाठीला कापडी चिकटपट्टी गुंडाळा आणि तळवा मोकळा ठेवा. ही पकड जायच्या आधी बसवूनच जा. दोन लाकडी फळ्या दोन ते अडीच इंच अंतरावर पक्क्या ठोकून घरच्या गच्चीवरही सराव होतो.

नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ साली बोल्डरिंगच्या (दोराशिवाय, कमी उंचीच्या चढाईच्या) विश्वचषकाची फेरी भरली होती. कृत्रिम भिंतीवर सराव करणारी मुलं-मुली आता इथे पुष्कळ आहेत. त्यांना आमचं आग्रहाचं सांगणं असं की, भिंतीवरची तुमची श्रेणी तिथे धरू नका. भिंतीवर ६सी (आकडा वाढेल तशी चढाई अवघड) चढणाऱ्याने वादी रममध्ये ४ किंवा ५ च्या रूटपासून सुरुवात करावी. तिथे ताकदीआधी कस लागतो तो रूट शोधण्याचा, प्रोटेक्शन (पडल्यास अडवणारे कॅम, नट) लावण्याचा आणि उतरण्याचा.

प्रश्न : रात्री पाऊस पडून गेला आणि सकाळी भिंत कोरडी दिसली, तर चढायला हरकत नाही ना? चारच दिवस हातात आहेत. — ऐरोली

उत्तर : हरकत आहे. भिंतीची वरची साल वाळवंटी हवेत तासाभरात सुकते, आतला दगड दिवसभरही सुकत नाही. वाळूचे कण धरून ठेवणारी चिकणमाती आणि क्षार पाण्याने मऊ पडतात, आणि एरवी माणूस पेलणारा होल्ड हाताच्या ओढीने तुटतो. कॅमची जागाही तशीच कच्ची होते. म्हणजे पडायची शक्यता वाढते आणि अडवणारं सामानही कामाचं राहत नाही.

तपासायची सोपी रीत अशी : भिंतीच्या पायथ्याशी, सावलीतली जागा बघून वीतभर खोल वाळू उकरा. खालची वाळू मुठीत दाबल्यावर तिचा गोळा होत असेल तर त्या दिवशी चढायचं नाही. हलकी सर असेल तर किमान २४ तास थांबा, चांगला पाऊस झाला असेल तर ४८ ते ७२ तास. दिवसभर ऊन खाणारी भिंत लवकर सुकते, उत्तरेकडची सावलीतली उशिरा. ओल्या दगडावर चढून होल्ड मोडला तर तो रूट कायमचा बिघडतो, तुमच्यापुरता नव्हे, नंतर येणाऱ्या सगळ्यांसाठी.

म्हणूनच चार दिवसांचा बेत आम्हाला पटत नाही. निदान आठ दिवस काढा आणि त्यातले पाच चढाईचे धरा. पावसानंतर पेट्रा हे कातळात कोरलेलं प्राचीन शहर बघून या, गाडीने दीड-दोन तासांवर आहे. बुरदाहच्या नैसर्गिक कमानीवर जायची वाट सोपी म्हणून सांगतात, पण तीही वालुकाश्मावरूनच जाते, तेव्हा ओल्या दिवशी तीही टाळा. आणि आभाळ भरलं असेल तर अरुंद घळीत शिरू नका, कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू ठोकू नका. पाऊस दूर कुठेतरी पडतो आणि पाणी तुमच्यापर्यंत येतं. २०१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जॉर्डनमध्ये असेच अचानक पूर येऊन माणसं दगावली.

प्रश्न : पाच जणांना सामान किती लागेल? आमच्याकडे १०० मीटर स्टॅटिक दोर, हार्नेस, डिसेंडर (दोरावरून उतरायचं साधन) आणि थोडे कॅम आहेत. — कळवा

उत्तर : स्टॅटिक दोर घरी ठेवा. तो फिक्स लावून उतरायला ठीक, पण लीड करणारा त्यावर पडला तर दोर ताणला जात नाही आणि सगळा झटका कंबर आणि अँकर घेतात.

पाच जण म्हणजे दोघांची एक जोडी आणि तिघांची एक. दोन्हींसाठी मिळून ८ ते ९ मिमीचे चार हाफ रोप (जोडीने वापरायचे, ताणले जाणारे बारीक दोर) घ्या, ५० किंवा ६० मीटरचे. तिघांच्या जोडीत लीडर दोन्ही दोर घेऊन चढतो आणि मागचे दोघे एकेका दोरावर, थोड्या अंतराने येतात. प्रत्येक जोडीला बोटभर भेगेपासून मुठीएवढ्या भेगेपर्यंतचा कॅमचा एक संच, त्यात तळहात मावेल अशी मापं दुहेरी. नटचा एक संच. ६० सेंमीच्या आठ स्लिंग (शिवलेल्या पट्टीचे गोल फास), १२० सेंमीच्या सहा, २४० च्या दोन. वादी रमच्या दगडात आरपार भोकं आणि खांबासारखे भाग पुष्कळ आहेत. त्यात स्लिंग ओवली की कॅमपेक्षा भरवशाची जागा मिळते, म्हणून लांब स्लिंगमध्ये काटकसर करू नका. काठ धारदार असेल तर मात्र स्लिंगवर कापड गुंडाळा.

याशिवाय प्रत्येक जोडीला ७ मिमीचा १५ मीटर नायलॉन दोर आणि चाकू. हा दोर मागे सोडायचा असतो, उतरताना जुन्या स्लिंग बदलायला. प्रत्येकाजवळ ६ मिमीचे दोन प्रुसिक (दोराला गुंडाळल्यावर भाराने आवळणारे फास), चार लॉकिंग कॅरबिनर (पक्क्या बंद होणाऱ्या कड्या), हेडलॅम्प आणि जादा सेल. दोर वाळूत ठेवायला जाड चादर किंवा ताडपत्रीचा तुकडा न्याच.

विमानात चाकू, कॅम आणि कॅरबिनर चेक-इनच्या बॅगेत. पॉवर बँक केबिनमध्येच. गॅसचं कॅन कुठेच चालत नाही. चढाईचे बूट मात्र हातातल्या बॅगेत ठेवा. बॅग हरवली तर दोर उसना मिळेल, आपल्या मापाचा बूट मिळणार नाही.

प्रश्न : उतरताना दोर अडकतो असं फार ऐकलं आहे. रॅपलिंग आम्ही सह्याद्रीत भरपूर केलं आहे, मग तिथेच का अडकतो? — वाशी

उत्तर : कारण सह्याद्रीत बऱ्याचदा एक-दोन टप्प्यांत खाली येता येतं आणि वरचा दोर कुणीतरी सोडवणारं असतं. जबल रम या तिथल्या डोंगराची उंची सुमारे १,७५० मीटर, खालचं गाव साधारण ९५० ते १,००० मीटरवर. तिथे एका उताराला पाच-सहा किंवा जास्त टप्पे पडतात आणि प्रत्येक टप्प्यावर दोर खालून ओढून घ्यावा लागतो. वालुकाश्म खरखरीत असतो, आणि अनेकांच्या दोरांनी काठावर खाचा पडलेल्या असतात. त्या खाचेत दोर किंवा गाठ रुतते.

बिघाड बहुतेक वरच्या अँकरवरच पेरला जातो, म्हणून तिथे घाई नको. आधी स्वतःला अँकरला अडकवा. लागलेली जुनी स्लिंग बोटांनी वाकवून बघा. पांढुरकी, कडक झालेली असेल तर उन्हाने खाल्लेली आहे. नवा ७ मिमी दोर डबल फिशरमन गाठीने बांधा, शेपटं ७-८ सेंमी ठेवा. ओढायचा दोर थेट स्लिंगमधून घालू नका. घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन वितळतं. एक मेलॉन (स्क्रूने बंद होणारी धातूची कडी) किंवा जुना कॅरबिनर मागे सोडायची तयारी ठेवा. जिवापुढे त्याची किंमत काहीच नाही.

दोन दोर जोडायला साधी ओव्हरहँड गाठ, दोन्ही शेपटं एकाच बाजूला, ३० सेंमी लांब, चारही पदर एकेक करून आवळलेले. ही गाठ काठावर आली की उलटी वळून मोकळी सरकते, म्हणून कमी अडकते. हीच गाठ आठाच्या आकारात बांधायचा मोह टाळा. भार आल्यावर ती गडगडत शेपटाकडे सरकते आणि सुटू शकते. मग खालून दोनपैकी कुठला दोर ओढायचा ते सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं, "निळा ओढायचा." खाली पोचेपर्यंत दमलेलं डोकं हे हमखास विसरतं.

दोन्ही टोकांना गाठी मारा. वारा असेल तर दोर फेकू नका. त्याची वेटोळी कमरेच्या दोन्ही बाजूंना स्लिंगमध्ये अडकवून उतरत-उतरत सोडा, नाहीतर दोर बाजूच्या भेगेत जाऊन बसतो. डिसेंडरखाली प्रुसिक लावा, दोरावर भार टाकून बघा, मगच अँकरची स्लिंग काढा. पहिला माणूस खाली पोचला, पुढच्या अँकरला अडकला, की त्याने लगेच दोर एक मीटरभर ओढून बघायचा. वरचा माणूस वर असतानाच. सरकत नसेल तर वरचा माणूस गाठ काठापलीकडे घेतो, पदर पिळलेले असतील तर सोडवतो. शेवटच्या माणसाने दोन्ही पदरांत बोट ठेवून उतरायचं, म्हणजे पीळ पडत नाही. आणि ओढण्याआधी टोकांच्या गाठी सोडा. हे विसरलं की वर जाणारी गाठ भेगेत फसते. दोर अडकण्याच्या कारणांत हे अगदी नेहमीचं.

तरीही अडकला तर? बाजूला सरकून वेगळ्या कोनातून ओढा, आधी हलके झटके द्या, सगळ्यांनी मिळून जोर शेवटी. दोन्ही टोकं हातात असतील तर दोन्ही पदरांवर मिळून प्रुसिक लावून वर जाता येतं. एकच टोक हातात असेल तर त्याच्या भरवशावर वर जाऊ नका, कशात अडकलंय ते माहीत नसतं. हातातल्या मोकळ्या दोरावर बिले घेऊन, प्रोटेक्शन लावत चढता येत असेल तरच चढा. नाहीतर मिळेल तेवढा दोर कापून घ्या आणि छोट्या टप्प्यांनी उतरा. नोव्हेंबरात दिवस जेमतेम ११ तासांचा. दुपार उलटायच्या आत माथा गाठला नसेल तर तिथूनच परत फिरा.

प्रश्न : पाणी किती न्यायचं? आणि फराळ नेला तर चालेल का? — नेरूळ

उत्तर : माणशी दिवसाला ५ लिटर धरा. पाच जण आणि चार दिवस म्हणजे १०० लिटर, २० लिटरचे पाच कॅन. जीपवाला ते पायथ्याशी ठेवतो. भिंतीवर प्रत्येकाने ३ लिटर न्यायचं, उरलेलं सकाळी निघताना आणि संध्याकाळी आल्यावर प्यायचं. ठाण्याच्या दमट हवेत घाम निथळतो म्हणून कळतो. तिथे तो अंगावरच उडून जातो, शर्ट कोरडाच राहतो आणि तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय असं समजा. नुसतं पाणी ढोसणंही वाईट, त्याने रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं. दिवसातल्या एक-दोन लिटरमध्ये ओआरएस घाला, एका लिटरला एक मोठं पाकीट, अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट नव्हे.

खायला दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी तीन-चार दिवस टिकते. चिक्की, गूळ-दाणे उत्तम. चॉकलेट वितळतं. फराळातली चकली-शंकरपाळी न्या, पण अनारसे आणि खसखस घातलेलं काहीही नेऊ नका. मुंबईहून जॉर्डनला जाताना विमान बहुधा आखातात बदलावं लागतं, आणि अमिरातीत खसखस हा बंदी असलेला अमली पदार्थ आहे. मसाल्याच्या पुडीतली खसखसही त्यात आली. ट्रामाडॉल, कोडीन असलेल्या वेदनाशामक गोळ्यांवरही तिथे कडक निर्बंध आहेत. त्या डॉक्टरांना विचारून बदलून घ्या.

प्रश्न : माझी २३ वर्षांची मुलगी मित्रमैत्रिणींबरोबर निघाली आहे. मला यातलं काही कळत नाही. नाही म्हणायचं नाही, पण तिला काय विचारावं? — खारघर

उत्तर : ताई, तुम्हाला गाठी कळायची गरज नाही. विचारा की लीड कोण करणार, आणि त्याला किंवा तिला लागलं तर गटात दुसरं कोण करू शकतं. एकच नाव आलं तर गट अजून तयार नाही. विचारा की उतरायची वाट कुणाला माहीत आहे. पहिले एक-दोन दिवस स्थानिक बदू (वाळवंटातल्या अरब टोळ्यांतला) वाटाड्या घ्यायला सांगा. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या शिकारीसाठी याच डोंगरांवर चढत आले आहेत. १९८४ पासून टोनी हॉवर्ड आणि त्यांच्या ब्रिटिश साथीदारांनी तिथले रूट जगाला कळवले, तेही बदूंच्याच मदतीने.

विम्याचा कागद स्वतः वाचा. प्रवास विम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. दोर लावून केलेली चढाई आणि तिथून हलवण्याचा खर्च धरला आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं. भिंतीवरून माणूस काढायला प्रत्यक्षात आधी धावतात ते गावातले वाटाडेच, आणि मोठं हॉस्पिटल अकाबाला, ६०-७० किलोमीटरवर. जॉर्डनमध्ये आपत्कालीन क्रमांक ९११.

तिच्याकडून मुक्कामाच्या कॅम्पवाल्याचा नंबर घ्या. कॅम्पवाल्याला रोज सकाळी ती आज कुठली भिंत आणि परतीची वेळ सांगते आहे ना, ते ठरवून घ्या. वेळ टळून दोन तास झाले तर त्याने शोधायला निघायचं. भिंतीवर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून तिचा फोन लागला नाही एवढ्यावरून घाबरू नका, कॅम्पला फोन करा. सॅटेलाइट फोन विकत घेऊन परत आणायचा विचार असेल तर थांबवा. भारतात तो विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे.

प्रश्न : ड्रिल नेऊन अँकरला बोल्ट मारले तर? — घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : नेऊ नका. वादी रम संरक्षित क्षेत्र आहे, २०११ पासून जागतिक वारसाही. आणि मऊ वालुकाश्मात आपला नेहमीचा आखूड एक्स्पान्शन बोल्ट काही काळात हलायलाच लागतो.

प्रश्न : परदेश परवडणार नाही. वालुकाश्मावर चढायचं तर जवळ कुठे? — डोंबिवली

उत्तर : कर्नाटकातलं बदामी. वाळवंट नाही, दगड मात्र वालुकाश्मच, आणि बोल्ट लावलेले रूट भरपूर. सोलापूर-विजयपूरमार्गे गदगकडे जाणारी गाडी थेट बदामीला थांबते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. वादी रमला जाणाऱ्यांनीही आधी इथे एक फेरी करावी, असं आमचं मत आहे.

प्रश्न : परत आल्यावर दोर आणि कॅममधली वाळू कशी काढायची? — कोपरखैरणे

उत्तर : दोर आधी कोरडाच झटका, मग बादलीत कोमट पाणी आणि सौम्य साबण घेऊन हाताने धुवा. कपड्यांची पावडर आणि ब्लीच नको. पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत बदला, चार-पाच बादल्या सहज लागतात. सावलीत, पंख्याखाली पसरून वाळवा. आपल्या हवेत दोन-तीन दिवस लागतील. ओला दोर पिशवीत कोंबू नका. वाळल्यावर पूर्ण लांबी बोटांमधून सरकवा. एखाद्या ठिकाणी दोर मऊ, पोकळ लागला किंवा वाकवल्यावर सहज दुमडला तर आतला गाभा गेलेला आहे. टोकाजवळ असेल तर तेवढं कापा आणि नवी लांबी टोकाला लिहून ठेवा, मधोमध असेल तर दोर बाद.

कॅम कोमट पाण्यात बुडवून ट्रिगर ओढत-सोडत राहा, दात घासायच्या जुन्या ब्रशने पाकळ्यांमधली वाळू काढा. पूर्ण वाळल्यावर मेणाचं वंगण लावा. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल लावलं तर पुढच्या वेळी धूळ त्यालाच चिकटते. वंगण स्लिंगला लागू देऊ नका. डिसेंडर आणि कॅरबिनरही बघा. वाळू भरलेला दोर ॲल्युमिनियम कानशीसारखा घासतो. दोर जातो तिथे खाच पडून नखाला धार लागत असेल तर तो नग वापरातून काढा.